घास मुलाचा, पिशवी पालकांची

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे, ‘डॉक्टर, हा काही खातच नाही!’ तक्रार चालू असताना तो ‘हा’, वय दीड-दोन वर्षं, टेबलावर चढायच्या बेतात असतो. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात मात्र वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावते, तशी भूकही उतरते. घरच्यांना ते आजारपण वाटतं आणि वाटी घेऊन पाठलाग सुरू होतो. चिऊ-काऊची जागा आता मोबाइलने घेतली आहे. पडद्यावर डोळे खिळले की तोंड उघडतं, पण पोट भरल्याचं मुलाला कळेनासं होतं.

दुसरा हुकमी उपाय लाच. ‘भाजी संपव, मग चॉकलेट.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लहान मुलांना एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस देऊन पाहिलं. त्या मुलांना ते पेय नंतर पूर्वीपेक्षा कमी आवडू लागलं. बक्षीस द्यावं लागतं म्हणजे गोष्ट वाईटच असणार, एवढं पोरांनाही समजतं.

मग मुलांवर सोडून द्यायचं? डॉ. क्लारा डेव्हिस यांनी अमेरिकेत १९२०-३०च्या दशकांत नेमकं तेच केलं. अंगावरचं दूध सुटलेल्या १५ बाळांपुढे रोज निरनिराळे साधे पदार्थ मांडले जात. आग्रह नाही, शाबासकी नाही, रागावणं नाही. मुलांनी अजब जेवणं जेवली, पण ती धडधाकट वाढली. यातली मेख डेव्हिस यांनीच १९३९ मध्ये सांगितली: ताटात साखर किंवा कारखान्यातलं खाणं मुळात नव्हतंच. किती खायचं हे मुलांनी ठरवलं, काय मांडायचं हे मोठ्यांनी.

आपल्याकडे शाळांसाठी नियम आहेत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा हद्दपार केले. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अतिसाखर, अतिमीठ, अतिचरबीच्या पदार्थांची विक्री रोखली. घरातल्या फडताळाला मात्र असा कोणताच जीआर लागू होत नाही.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली आहेत, असं २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा राज्यात ‘नको तर राहू दे’ म्हणणं परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. वजन घटत असेल किंवा वाढायचंच थांबलं असेल, तर अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाच रुपयांचं पाकीट यांनीच इवलंसं पोट भरलं, तर वरणभाताला जागा उरणार कुठे?

नवी भाजी पटायला कधी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. म्हणून लाल भोपळ्याच्या दोनच फोडी वाढाव्यात आणि त्यावर भाष्य करू नये. ताटात टाकायचं नाही, हा शिरस्ता पाळायचा तर मुळात वाढायचंच थोडं. बाबांनी कारलं बाजूला सारलं, तर मुलाला उपदेश करू नये. आणि सुरुवात वाणसामानाच्या यादीपासून करावी: वेफर्स, क्रीमची बिस्किटं, दुधात घालायची चॉकलेटी पावडर खोडून तिथे केळी, अंडी, शेंगदाण्याचे लाडू आणि नाचणीचं पीठ लिहावं.