तू आणि उस्तेद

आमची थोरली मुलगी स्पॅनिश शिकते आहे. परवा म्हणाली, "बाबा, स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच! आणि अहो-जाहो करायचे तर 'उस्तेद'." मी मराठीचा मास्तर, मला परमुलुखात मावसभाऊ भेटल्यासारखे झाले.

इंग्रजाची मात्र पंचाईत. राजाला नि रखवालदाराला एकच 'यू' म्हणणारा हा गृहस्थ स्पेनमध्ये बिऱ्हाड करतो, तो आधी या दोन शब्दांतच अडखळतो. शिवाय रात्री सातलाच पोटात कावळे ओरडतात, तर तिथे ताटे मांडतात नऊ-दहाला!

जेराल्ड ब्रेनन या इंग्रज लेखकाने हे सारे पचवले. १९२० साली सुमारे २,००० पुस्तके घेऊन तो दक्षिणेतल्या येगेन या डोंगरी खेड्यात राहिला. जेराल्डचा 'डॉन हेरार्दो' झाला. आपल्याकडचे 'गोपाळराव'च म्हणा ना!

१९८४ साली, नव्वदीत, त्याला लंडनच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवले. मायदेशच तो! पण उतारवयात तो जिथे राहत होता, त्या अलाउरिन गावाला चैन पडेना. तिकडच्या लोकांनी खटपट करून म्हाताऱ्याला परत आणले. १९८७ साली तो तिथेच वारला.

पुढच्या वर्षी मुलगी तिकडेच शिकायला जायचे म्हणते. सौ.चे डोळे आतापासूनच भरतात. मी मुलीला एवढेच सांगितले, "पोरी, सुरुवात 'उस्तेद'ने कर. पण तुला 'तू' म्हणणारे एखादे घर मिळेपर्यंत, फोनवर आईला 'सगळे छान आहे' म्हणू नकोस."