पाथरवटाला गुरुजी कोण म्हणणार?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, असे मराठी माणूस उठल्याबसल्या सांगतो. घाव घालणाऱ्या हाताला मात्र या समाजात कधी मोठेपण लाभले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. कल्पना स्वागतार्ह आहे. तिचा कस हिंगण्यासारख्या ठिकाणी लागेल.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडील कड नागपूरच्या आसपास संपते आणि हिंगणा त्या कडेलगतच आहे. तालुक्यात औद्योगिक वसाहत आहे, वानाडोंगरीच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. येथला विद्यार्थी पाथरवटाकडे गेला, तर ठोका बद्द वाजल्यावर दगडात चीर आहे हे ओळखील; बोथट टाकी भट्टीत तापवून तिला पाणी कसे देतात ते पाहील. पण दहा दिवसांत होते ती ओळख. विद्येला वर्षे लागतात.

श्रमातून शिक्षण हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. तरीही बहुतेक शाळांत कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातील एक दुर्लक्षित तासिका होऊन बसली. कारण उघड आहे. ज्याच्या हातात विद्या होती, तो कारागीर शिक्षक म्हणून शाळेत कधी आलाच नाही.

यामागे जात आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. वडाराचे पोर बापाबरोबर खाणीवर गेले की शाळाबाह्य ठरते. सुखवस्तू घरातले पोर दहा दिवस गेले की तो ‘अनुभव’ ठरतो. दोघांचीही जागा शाळेतच आहे. परंतु पहिल्याच्या बापाची विद्या अडाणीपणा आणि दुसऱ्याचे कुतूहल मात्र शिक्षण, हा न्याय कोणता?

प्रत्यक्ष कामातून विद्यार्थी किती शिकतो, याची साक्ष मुंबईत उभी आहे. १८७८ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, नक्षीकामात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता. वास्तुकार स्टीव्हन्स यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. छिन्नी धरणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे कोण सांगेल?

मोठ्या वयाच्या उमेदवारांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन आणि अपघाताची भरपाई दिली; पण त्याच कायद्याच्या अठराव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार कामगार नव्हे. दगडाची धूळ असा भेद करीत नाही. वालुकाश्म वा ग्रॅनाइट फोडताना उडणारी सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे आत जाते, सिलिकोसिस होतो आणि निकामी झालेले फुप्फुस पुन्हा पूर्ववत होत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी शाळा समित्यांत आणि पंचायतींत तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. पाथरवटाला शिक्षक म्हणून मानधन मिळावे. लहान मुलांच्या दहा दिवसांत खाणकाम आणि धुळीचे काम वर्ज्य असावे. शिकाऊ उमेदवाराकडून उत्पादन घेतले जात असेल, तर त्याला कामगाराचे वेतन व संरक्षण मिळावे. एवढे न करता श्रमप्रतिष्ठेचे गोडवे गाणे म्हणजे स्वस्त मजुरीला शिक्षणाचे नाव देणे होय.