कूटलेखन आणि परवान्याची सक्ती

संपादक महाशय,


सार्वजनिक उपयोगाच्या सॉफ्टवेअरास कॉपीलेफ्ट, म्हणजे बदललेली संहिताही त्याच शर्तींवर खुली ठेवण्यास लावणारा परवानाच शोभतो, अन्यथा बड्या कंपन्या फुकट घेतात आणि परत काही देत नाहीत, हे आपल्या एका पत्रलेखकाचे प्रतिपादन एरवी मला बव्हंशी मान्य असले, तरी कूटलेखनाच्या लायब्रऱ्यांना ते लागू करण्यास माझी हरकत आहे. संदेश धाडणारा आणि स्वीकारणारा या दोहोंकडील व्यवस्था निर्दोष असेल तरच गुप्तता टिकते. म्हणून परवान्याच्या शर्ती जाचक वाटून जो उपकरणनिर्माता घरच्या घरी कच्ची व्यवस्था रचतो, तो स्वतःबरोबर आपल्या ग्राहकांसही उघडे पाडतो. एलजीपीएलसारखा मवाळ कॉपीलेफ्ट परवानाही बदललेली लायब्ररी ग्राहकास पुन्हा जोडता यावी अशी अट घालतो, आणि सारा प्रोग्राम एकत्र बांधून कुलूपबंद केलेल्या लहानशा यंत्रात ती पाळणे दुर्घट होते. खुद्द कॉपीलेफ्टचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २००१ साली ऑग व्हॉर्बिस या ध्वनिसंकेतन पद्धतीच्या लायब्रऱ्यांना बीएसडी धर्तीचा सैल परवाना देण्यास अनुमोदन दिले, ते पेटंटग्रस्त एमपी३ ला पर्याय सर्वत्र रुजावा या हेतूने. कूटलेखनाबाबत सर्वत्र रुजण्याची निकड त्याहून कमी खचितच नाही.

अर्थात उदारपणाचा मसुदाही धड हवा. ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीच्या जुन्या परवान्यात जाहिरातीतील श्रेयनिर्देशाचे एक कलम होते, ते जीपीएल या कॉपीलेफ्ट परवान्याशी जुळेना, म्हणून ग्नूटीएलएस ही निराळी लायब्ररी उभारावी लागली; तो घोळ २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत अपाची परवाना आला तेव्हा कुठे बव्हंशी मिटला.

ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड या सुरक्षादोषाचा दाखला माझ्याविरुद्ध दिला जाईल. परंतु एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला तो दोष कोणी दडविलेल्या संहितेत नव्हता. सर्वांसाठी खुल्या असलेल्या संहितेत तो दोन वर्षे राहिला, आणि त्याच वर्षी एलजीपीएलखालील ग्नूटीएलएसमध्येही प्रमाणपत्र-पडताळणीची गंभीर चूक सापडली. इंटरनेटचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होता, त्या प्रकल्पास तेव्हा वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत असे. कॉपीलेफ्ट बदललेली संहिता मागू शकतो, तपासनीसाचा पगार नव्हे. तेव्हा ज्या बँका आणि सरकारी खाती या लायब्रऱ्यांवर विसंबतात, त्यांनी आपल्या निविदांतच त्यांच्या देखभालीसाठी ठराविक रक्कम राखून ठेवण्याची तरतूद करावी, अशी माझी सूचना आहे.

आपला,
एक वाचक