विश्लेषण : अमेरिकी व्हिसासाठी वकील कधी हवा? तो पारखायचा कसा?

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना ‘व्हिसा कन्सल्टंट’च्या पाट्या पुण्या-मुंबईत जागोजागी दिसतात. ‘खात्रीने व्हिसा’ असे आश्वासनही मिळते. पण अर्जात चूक किंवा खोटी माहिती निघाली, तर तिची किंमत अर्जदारालाच मोजावी लागते. म्हणूनच सल्ला कोणाचा घ्यायचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सल्ला देण्याचा अधिकार कोणाला?

अमेरिकेत इमिग्रेशन कायदा केंद्रीय आहे. त्यामुळे कोणत्याही एका राज्याची सनद असलेला वकील देशभरातील प्रकरणे हाताळू शकतो. न्यू जर्सीत राहणाऱ्याला टेक्सासचा वकील चालतो. वकिलांखेरीज न्याय विभागाने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थांचे अधिकृत प्रतिनिधीही कायदेशीर सल्ला देऊ शकतात. भारतात नोटरी बहुधा वकील असतो. अमेरिकेतील ‘नोटरी पब्लिक’ मात्र प्रामुख्याने सह्या साक्षांकित करतो. नावातील या साम्याने तिथे अनेकांची फसवणूक होते.

प्रत्येक अर्जासाठी वकील लागतो का?

नाही. पर्यटक व्हिसाचा डीएस-१६० अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो. विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून आय-२० मिळाल्यावर तोच अर्ज भरायचा असतो. अर्ज भरायला कोणी मदत केली, हेही त्यात विचारलेले असते आणि सही अर्जदाराचीच लागते.

आधी व्हिसा नाकारताना खोट्या माहितीचा ठपका बसला असेल, मुदतीपेक्षा जास्त मुक्काम झाला असेल, पोलीस प्रकरण असेल किंवा देश सोडण्याची कारवाई सुरू झाली असेल, तर मात्र वकिलाला पर्याय नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास आयुष्यभरासाठी प्रवेशबंदी येऊ शकते.

एच-१बीधारकांनी काय लक्षात ठेवावे?

एच-१बीचा अर्ज कर्मचारी नव्हे, कंपनी करते. तिचा वकील प्रामुख्याने कंपनीचे हित पाहतो. नोकरी गेल्यास सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल, तर त्याहूनही कमी. तेवढ्यात नवी कंपनी शोधणे, व्हिसाचा प्रकार बदलणे किंवा परतणे, हे ठरवावे लागते. अशा वेळी स्वतःचा स्वतंत्र वकील गाठणे शहाणपणाचे.

नेहमी गोंधळ कुठे होतो?

व्हिसावरील तारीख ही प्रवेशासाठी असते. किती दिवस राहता येईल, हे आय-९४ नोंदीवरून ठरते. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडल्यास ३ वर्षे आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाल्यास १० वर्षे प्रवेशबंदी लागू होऊ शकते.

दुसरा गोंधळ ‘२१४ (बी)’ या कलमाचा. अर्जदार मायदेशी परतेल, याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही, तर बहुतेकदा याच कलमाखाली नकार मिळतो. त्याविरुद्ध अपील नाही. मात्र पुन्हा अर्ज करता येतो.

वकील पारखायचा कसा?

संबंधित राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर वकिलाचे नाव टाकून सनद चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तपासावे. शुल्क आणि कामाची व्याप्ती लेखी घ्यावी. इमिग्रेशन खात्यापुढे बाजू मांडणाऱ्या वकिलाला जी-२८ हा फॉर्म द्यावा लागतो. ‘त्याची गरज नाही’ असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. दाखल केलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत आणि पावती क्रमांक स्वतःजवळ ठेवावा. त्यावरून प्रकरणाची स्थिती ऑनलाइन पाहता येते.

व्हिसा देण्याचा निर्णय अधिकाऱ्याचा असतो. त्याची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. त्यामुळे ‘शंभर टक्के खात्री’ ऐकू आली, की तिथून उठलेले बरे.