अमेरिकेतील बारावीची विषयनिवड : परीक्षेआधीच ठरणारा निकाल

नवी दिल्ली : अमेरिकेतील माध्यमिक शाळांत साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून पुढील वर्षाच्या विषयांची निवड भरून घेतली जाते. वरवर पाहता ही शाळेच्या वेळापत्रकाची सोय असते. प्रत्यक्षात, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत विद्यापीठांच्या प्रवेश समित्यांपुढे जाणाऱ्या अर्जाचा मोठा भाग त्या दिवशी निश्चित होतो. भौतिकशास्त्र साधे घ्यावे की ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजेच एपी स्तराचे, कॅल्क्युलसचा कोणता टप्पा पेलवेल, स्पॅनिशचे चौथे वर्ष ठेवावे की सोडावे, हे प्रश्न न्यू जर्सी, टेक्सास आणि कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांतही दरवर्षी चर्चिले जातात. भारतातून थेट अमेरिकेत पदवी शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या घरीही ते आता पोहोचले आहेत.

ही चर्चा बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते : एपी विषय किती? मात्र हे विषय कशासाठी घ्यायचे, याचे उत्तर आधी स्पष्ट नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. एकच एपी विषय दोन अगदी भिन्न कामे करतो. तो प्रवेश समितीला विद्यार्थ्याच्या तयारीविषयी काही सांगतो आणि पुढे महाविद्यालयातील श्रेयांक, म्हणजेच पैसा व वेळ, वाचवू शकतो. ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी होतात आणि त्यांचे नियमही वेगळे आहेत.

कॉलेज बोर्ड या संस्थेने एपी कार्यक्रम १९५५ मध्ये आपल्याकडे घेतला. मूळ कल्पना साधी होती. निवडक खासगी शाळांतील हुशार मुलांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच केला असेल, तर तो पुन्हा करायला लावू नये. आज या कार्यक्रमात सुमारे ४० विषय आहेत. परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात होते, १ ते ५ अशा श्रेणीत गुण मिळतात आणि निकाल जुलैमध्ये लागतो.

हे वेळापत्रक नीट लक्षात घेण्याजोगे आहे. लवकर प्रवेशाच्या अर्जांची मुदत साधारणपणे १ नोव्हेंबरला आणि नियमित अर्जांची जानेवारीच्या आरंभी संपते. मार्चअखेरीपर्यंत बहुतेक नामांकित विद्यापीठांचे निर्णय जाहीर होतात. १ मेपर्यंत विद्यार्थ्याने आपली पसंती कळवायची, अशी प्रथा आहे. त्यानंतर एपीची परीक्षा होते. म्हणजे बारावीत घेतलेल्या एपी विषयाचा अंतिम गुण प्रवेशाच्या निर्णयात कुठेच नसतो. समितीपुढे असते ती केवळ विषयाची नोंद आणि, अनेक खासगी विद्यापीठांच्या बाबतीत, पहिल्या सत्राचे शालेय गुण. परीक्षा होण्याआधीच तिचा उपयोग होऊन गेलेला असतो.

ही नोंद समिती कशी वाचते? ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक अर्जव्यवस्थेत शाळेच्या समुपदेशकाला एक रकाना भरावा लागतो. त्याच शाळेतील महाविद्यालयाकडे वळणाऱ्या इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत या विद्यार्थ्याची विषयनिवड किती कठीण आहे, असा तो प्रश्न आहे. ‘सर्वाधिक कठीण’पासून ‘सरासरीपेक्षा कमी’पर्यंतच्या पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते. तुलनेची चौकट शाळेपुरती आहे, हे येथे महत्त्वाचे. पाच एपी विषय शिकवणाऱ्या शाळेत चार घेतलेला विद्यार्थी आणि पंचवीस शिकवणाऱ्या शाळेत चार घेतलेला विद्यार्थी या रकान्यात एकाच जागी बसत नाहीत. त्यामुळे शेजारच्या शहरातील चुलतभावाने किती विषय घेतले, हा कौटुंबिक स्नेहसंमेलनातील आवडता प्रश्न बहुतांशी गैरलागू ठरतो.

तरीही आकड्यांची शर्यत संपत नाही, कारण काही ठिकाणी नियमच तिला खतपाणी घालतात. अनेक शाळा एपी विषयातील ‘ए’ श्रेणीला ४ ऐवजी ५ अंक देतात. एखाद्या मुलीला पाच एपी विषयांत ‘ए’ मिळाला तर तिची सरासरी ५ होते. तिने सहावा विषय म्हणून ऑर्केस्ट्रा ठेवला आणि त्यातही ‘ए’ मिळवला, तर सरासरी ४.८३ वर घसरते. व्हायोलिन उत्तम वाजवल्याची ही शिक्षा! त्या तासाला काहीच न घेणारी तिची वर्गमैत्रीण क्रमवारीत पुढे निघून जाते. टेक्सासमध्ये या क्रमवारीला थेट कायद्याचे बळ आहे. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतील अव्वल १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. ऑस्टिन येथील विद्यापीठाने मात्र अर्जांची गर्दी पाहून २०२६ च्या प्रवेशांसाठी ही मर्यादा ५ टक्क्यांवर आणली. डलासच्या उत्तरेकडील फ्रिस्को, प्लेनो यांसारख्या भारतीय वस्ती मोठी असलेल्या उपनगरांत शतांश गुणांचा हिशेब होतो, त्यामागे हे कारण आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हिशेब याच्या उलट आहे. तेथे अर्जासाठीची सरासरी नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या श्रेणींवरच काढली जाते. कठीण विषयांसाठीचे अधिक अंक जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते, म्हणजे चार पूर्ण वर्षांच्या विषयांइतकेच धरले जातात. बारावीचे गुण या सरासरीत येत नाहीत. विषयांची यादी मात्र पाहिली जाते आणि मिळालेला प्रवेश ते विषय ठीक गुणांनी पूर्ण करण्याच्या अटीवर असतो. या विद्यापीठाने २०२० मध्ये एसएटी व एसीटी परीक्षांचा निकष सोडण्याचा निर्णय घेतल्यापासून यादीचे वजन वाढले आहे. म्हणून येथे बारावीत दोन जादा एपी विषय घेऊन गडबडण्यापेक्षा एक कमी घेऊन तो नीट पार पाडणे अधिक व्यवहार्य ठरते.

श्रेयांकांचा प्रश्न प्रवेशानंतर येतो आणि तेथे परीक्षेच्या गुणालाच किंमत असते. इलिनॉय आणि फ्लोरिडा या राज्यांत ३ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यास सरकारी विद्यापीठांनी श्रेयांक द्यावेत, असा कायदा आहे. याउलट डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ मध्येच एपीला पदवीचे श्रेयांक देणे बंद करण्याचे जाहीर केले. परीक्षेचे शुल्क प्रत्येक विषयाला सुमारे १०० डॉलर आहे. त्यामुळे जेथे श्रेयांकच मिळणार नाहीत, तेथे जाणार असल्याचे १ मे रोजी निश्चित झालेल्या विद्यार्थ्याने पाच विषयांची परीक्षा द्यावी का, हा विचार व्हायला हवा. एच-१बी व्हिसावरील पालकांच्या मुलांसाठी हा हिशेब अधिक गंभीर आहे. त्यांना संघीय शैक्षणिक अर्थसाहाय्य मिळत नाही. २१ वर्षे पूर्ण होताच पालकांवर अवलंबून असलेला दर्जा संपतो आणि बहुधा स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. अशा घरात श्रेयांकांमुळे एक सत्र वाचले, तरी तो मोठा दिलासा असतो.

हे सारे पर्याय उपलब्ध असणाऱ्यांपुरते झाले. अमेरिकेतील केवळ सुमारे निम्म्या माध्यमिक शाळांत कॅल्क्युलस शिकवले जाते आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी बहुसंख्य असलेल्या शाळांत हे प्रमाण आणखी कमी आहे. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड शाळेत १९८२ मध्ये शिक्षक हायमे एस्कलांते यांचे १८ विद्यार्थी एपी कॅल्क्युलस उत्तीर्ण झाले. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांतील १४ जणांवर गैरप्रकाराचा संशय घेतला होता. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि सर्व उत्तीर्ण झाले. दुसरीकडे, वॉशिंग्टन परिसरातील आठ प्रतिष्ठित खासगी शाळांनी २०१८ मध्ये एपी हळूहळू बंद करण्याचे ठरवले. आपल्या नावावरच प्रवेश समित्यांचा विश्वास बसेल, ही खात्री असलेल्या शाळांनाच हे परवडते. कॅल्टेकने मात्र २०२३ मध्ये, ज्यांच्या शाळेत कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र उपलब्ध नाही त्यांना ऑनलाइन अभ्यासाद्वारे पात्रता सिद्ध करण्याची वाट खुली केली.

गेल्या काही वर्षांत प्रवेश परीक्षांचे पुनरागमन सुरू झाले आहे. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, हार्वर्ड आणि कॅल्टेकने २०२४ मध्ये ती सक्ती परत आणली. येलने २०२४ मध्ये एसएटी किंवा एसीटीऐवजी एपीचे गुणही चालतील, अशी मुभा जाहीर केली. अर्जासोबत एपीचे गुण दाखवायचे तर ते अकरावीपर्यंत मिळालेले असले पाहिजेत. त्यामुळे अवघड विषयांचा भार बारावीतून अकरावीकडे आणि दहावीकडे सरकू लागला, तर नवल नाही.

भारतातून अर्ज करणाऱ्यांना हाच कालक्रम लागू आहे. राज्य मंडळ किंवा सीबीएसईच्या विद्यार्थ्याला बारावीत विषयांचे स्तर निवडण्याची फारशी मोकळीक नसते. समुपदेशकाचा तो रकाना त्याच्या शाळेच्या मर्यादेतच वाचला जाणे अपेक्षित असते, त्यामुळे एपी नसणे हा दोष ठरू नये. तरीही महानगरांतील अनेक पालक खासगी शिकवणीतून दोन-तीन एपी विषय जोडतात. बारावीच्या मे महिन्यात, मंडळाची परीक्षा आणि जेईई आटोपून नीटच्या सुमारास दिलेल्या एपीचा निकाल जुलैत लागतो आणि तोवर अमेरिकेतील प्रवेश केव्हाच ठरलेले असतात. अर्जात उपयोगी पडायची असेल, तर ती परीक्षा अकरावी संपताच येणाऱ्या मे महिन्यात द्यावी लागते. शिकवणी वर्गात शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी हा महिना विचारून घ्यावा.