अळीच्या कातडीत बुरशी शिरते कशी?

ऑगस्टच्या झडीनंतर सोयाबीनच्या पानाला चिकटून वाळलेली, आधी पांढरी आणि मग फिकट हिरवी पडलेली अळी कधी पाहिलीय? आमच्या अहमदपूरकडच्या शेतात मला दिसली, तेव्हा फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'हे कोणतं औषध लागलं?' औषध नव्हतंच. ती होती मेटारायझियम रिलेयी ही बुरशी. जुन्या पुस्तकांत तिचं नाव नोमुरिया.

२००८ च्या खरिपात स्पोडोप्टेरा अळीने विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनची चाळण केली. त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प आला. आता लातूर-नांदेडच्या दुकानांत बुरशीच्या बाटल्या मिळतात, आणि यूट्यूबवर 'गूळ टाका, २०० लिटर घरीच बनवा' असे व्हिडिओ. ते करण्याआधी आतली यंत्रणा बघा.

बीटीचे जिवाणू अळीच्या पोटात जावे लागतात. बुरशी थेट कातडीतून घुसते. बीजाणू चिकटतो, रुजतो आणि विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडतो. लायपेज वरचा मेणचट थर मोडतं. खाली प्रथिनात रोवलेले कायटिनचे धागे असतात. स्लॅबमधलं सिमेंट आणि सळया समजा. सिमेंट फोडतं पीआर-१ नावाचं प्रोटिएज. सळया उघड्या पडल्या की कायटिनेज त्या कापतं. मग बुरशी अळीच्या रक्तात वाढते आणि काही दिवसांत अळी खलास.

आता गंमत. आयतं खाद्य भरपूर मिळालं की बुरशी पीआर-१ चं उत्पादन दाबून ठेवते. तशाच खाद्यावर पुन्हा पुन्हा वाढवलेली बुरशी बऱ्याचदा मवाळ पडते. शिवाय गुळाच्या ड्रममध्ये भलतेच जंतू आधी वाढतात. म्हणून त्या व्हिडिओंवर माझा भरवसा नाही. एका दुकानदाराने उन्हात ठेवलेली बाटली मला दिली, मी भर दुपारी फवारली. अळ्या मजेत पानं खात राहिल्या. अतिनील किरणांनी बीजाणू मरतात, आणि रुजायला ओल लागते. त्यामुळे फवारणी संध्याकाळीच, आणि त्याच पंपात बुरशीनाशक मिसळायचं नाही.

एक मात्र नक्की बघा: शेजारी कुणाचं रेशीम शेड आहे का? अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा जो रोग बुरशीमुळे होतो असं दाखवलं, ती बुरशी म्हणजेच आजची ब्युव्हेरिया बॅसियाना. तिला तुमची अळी आणि शेजाऱ्याचा रेशीमकिडा यातला फरक कळत नाही. तुतीजवळ ती फवारू नका.