सगळे चालत होते की!

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण विषय घरचा आहे, म्हणून मराठीतच लिहितेय.

माझा दादा मिनेसोटात एमएस करतोय. गेल्या हिवाळ्यात त्याने गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभा राहून काढलेला फोटो पाठवला. आईने तो अख्ख्या सोसायटीला दाखवला. मी फक्त विचारलं, "बर्फ किती जाड होता रे?" तर म्हणे, "काय माहीत! सगळे चालत होते की."

हेच मला खटकलं. 'सगळे जातात' म्हणून आपण पुलाचं लोड कॅल्क्युलेशन सोडून देतो का? 4 अंशांचं पाणी सर्वांत जड, म्हणून तळं वरून गोठतं, हे आपण अकरावीत घोकलं, मार्कही मिळवले. त्याचा सरळ अर्थ, खाली पाणी असतंच, हा मात्र कुणीच लावत नाही.

26 डिसेंबर 2022 ला अॅरिझोनातल्या वूड्स कॅन्यन लेकवर बर्फ फुटून मूळचे भारतीय असलेले तिघे बुडाले. आपल्यासारखीच, उन्हात वाढलेली माणसं.

मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं, चालायला निदान 4 इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा. पांढरा बर्फ त्याच्या साधारण निम्म्याच ताकदीचा. शिवाय जाडी सगळीकडे सारखी नसते. ओढा मिळतो तिथे, झऱ्यावर, पुलाखाली तो पातळ असतो. वर पडलेला भुसभुशीत हिम तर गोधडीचं काम करतो, खालचा बर्फ लवकर जाड होऊ देत नाही.

आणि पडलोच तर? कॅनडाचे प्रा. गॉर्डन गिसब्रेख्ट यांचं सूत्र आहे 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वास आवरायचा, घाबरायचं नाही. पुढची 10 मिनिटं हातपाय चालतात, तेवढ्यात बाहेर यायचं. गारठून शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. आलो त्याच दिशेला वळायचं, पाय मारत पोटावर वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. मित्र पडला तर धावायचं नाही. दोर, फांदी टाकायची आणि 911 लावायचा.

जीआरईचे क्लासवाले शब्द पाठ करून घेतात, सीनियर्स लोणचं कसं पॅक करायचं ते सांगतात. त्या यादीत ही एक ओळ घाला ना!

दादाने आता गळ्यात अडकवायचे बर्फाचे टोचे घेतलेत. तळ्यावर जायच्या आधी भोक पाडून जाडी मोजतो म्हणे. पुढचा फोटो आईने खुशाल दाखवावा.